समोरच्या वाऱ्यात फ्लाय पोचत नव्हती, त्यावर मी काय केलं

फ्लाय फिशिंग करताना उथळ खाऱ्या पाण्यात समोरून वारा आला की माझी फ्लाय (गळावर पिसं-दोरे बांधून केलेलं हलकं नकली आमिष) माशाच्या बरीच अलीकडे पडायची. रॉड ८ वेटचा, म्हणजे ८ नंबर वजनाच्या लाइनसाठीचा, चांगला. अडचण लाइनमध्ये, म्हणजे फ्लायला पुढे नेणाऱ्या जाड वजनदार दोरीत निघाली. ती थंड पाण्यासाठीची होती. भर उन्हात तिचं आवरण मऊ पडायचं आणि ती रॉडच्या कड्यांमध्ये अडखळायची. उष्ण हवामानासाठीची, कडक गाभ्याची वेट-फॉरवर्ड (पुढच्या टोकाकडे जास्त वजन असलेली) लाइन लावली आणि फरक लगेच कळला. माझं ठाम मत आहे, पैसे आधी चांगल्या लाइनवर घाला, महागडा रॉड नंतर बघू.

बाकीचं काम हातांचं. डबल हॉल, म्हणजे मागच्या आणि पुढच्या दोन्ही फेकींत मोकळ्या हाताने लाइन झटकन खाली ओढायची. लाइनचा वेग वाढतो, लूप, म्हणजे हवेतला लाइनचा वळसा, अरुंद होतो, वारा कमी अडवतो. ओढल्यावर हात लगेच वर जाऊ द्यायचा, नाहीतर लाइन सैल पडते. मागची फेक उंच, पुढची पाण्यालगत. लीडरही, म्हणजे लाइन आणि फ्लाय यांच्यामधला बारीक धागा, मी ९ फुटांऐवजी ७-८ फुटांचा बांधतो.

मासा लागला की रॉड मात्र उचलू नका! टोक पाण्याकडेच ठेवून लाइन जोरात ओढा. गळ नीट रुततो, आणि हुकला तरी फ्लाय माशासमोरच राहते, तो पुन्हा येऊ शकतो.

परतल्यावर लाइन गुंडाळायची रील गोड्या पाण्याच्या हलक्या धारेखाली धुतो. जोरदार धारेने मीठ उलट आत शिरतं. वाळली की ड्रॅग (रीलचा ब्रेक) सैल करून ठेवतो.