आधी लटका, मग ढकला: बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरापोरींच्या खांद्यांसाठी

नेरुळला आमची संध्याकाळची बॅच सुटली की फाटकाशी कुणाचे तरी बाबा थांबलेले असतात. प्रश्न ठरलेला. "मॅडम, ह्याला जिम लावू का? ह्याचा बॉल रिंगपर्यंत पोचतच नाही." मुलगा बारा वर्षांचा, हातात मोठ्या भावाचा ७ नंबरचा बॉल आणि हट्ट थ्री-पॉइंटचा, म्हणजे लांबच्या रेषेबाहेरून तीन गुणांचा शॉट मारायचा. बाबा, जरा आकडे बघा. तो बॉल साधारण ६०० ग्रॅमचा, रिंग ३.०५ मीटर उंच आणि ती रेषा रिंगपासून ६.७५ मीटर लांब. आधी त्याच्या हातात लहान बॉल द्या आणि त्याला चार पावलं पुढे उभं करा. बारा वर्षांखालच्यांना ५ नंबरचा बॉल पुरतो. मुलींना मोठेपणीही ६ नंबरचाच असतो, त्यामुळे घरात भावाचा आहे म्हणून तोच बहिणीच्या गळ्यात मारू नका.

एवढं करूनही बॉल कमी पडत असेल तर ताकदीचं बोलू. शॉटचा जोर पायांतून येतो. कंबर, पाठ आणि खांदे तो बॉलपर्यंत पोचवतात, आणि मध्ये कुठे ढिलेपणा असेल तर पाइपच्या गळतीसारखा तो तिथेच वाया जातो. म्हणून पहिल्या क्वार्टरला सुंदर शूट करणारी मुलगी चौथ्या क्वार्टरला कोपर बाहेर काढून छातीवरून दोन्ही हातांनी बॉल ढकलायला लागते. ह्याशिवाय रिबाउंड, म्हणजे हुकून परत आलेला बॉल, घेतल्यावर तो हिसकावू न देणं, धक्का खाऊनही लेअप, म्हणजे पळत रिंगजवळ जाऊन मारलेला शॉट, पुरा करणं, कोर्टच्या ह्या बाजूहून त्या बाजूला सपाट पास मारणं, ह्या सगळ्याला वरचं शरीर लागतं.

माझं एक मत आहे आणि त्यावर मी भांडते. ह्या वयात ढकलण्याच्या व्यायामापेक्षा ओढण्याचा व्यायाम जास्त हवा. एक सेट पुश-अपचा, तर दोन सेट ओढण्याचे. पोरं शाळेत बाकावर वाकलेली, क्लासमध्ये वहीवर वाकलेली, घरी मोबाइलवर वाकलेली, वर पाठीला दप्तर. खांदे आधीच पुढे आलेले असतात. त्यात जिमचा नाद लागलेला मुलगा आरशासमोर छाती आणि दंड एवढंच करतो, कारण पाठ आरशात दिसत नाही. मग हात सरळ वर जात नाही आणि रिलीज, म्हणजे बॉल हातातून सुटण्याची जागा, खाली येते.

म्हणून सुरुवात लटकण्यापासून. महापालिकेच्या बऱ्याच उद्यानांत ओपन जिम आहे. तिथली यंत्रं मोठ्या माणसांच्या मापाची असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. आपल्याला फक्त आडवा बार हवा. मे महिन्यात तो दुपारी चटके देतो आणि पावसात निसटतो, तेव्हा सकाळची वेळ बरी, आणि खिशात नॅपकिन असू द्या.

अंगठा बारखालून गुंडाळून पकडा. वीस सेकंद लटका, उतरा, पुन्हा लटका, असं तीनदा. जमलं की पुढची पायरी: कोपर न वाकवता खांदे कानांपासून खाली खेचा. शरीर जेमतेम दोन-चार बोटं वर येतं. बघणाऱ्याला वाटतं, हे काय, काहीच केलं नाही. पण पाठीवरची खांद्याची पाती इथेच काम शिकतात, आणि हे न शिकता पुल-अप मारणारा मान ताणून हनुवटी कशीबशी बारवर टेकवतो. असे आठ-आठचे तीन सेट.

त्यानंतर कमरेएवढ्या उंचीच्या बारखाली उताणे जा, टाचा जमिनीवर, अंग डोक्यापासून टाचेपर्यंत सरळ, आणि छाती बारकडे ओढा. अवघड गेलं तर गुडघे वाकवा. सोपं गेलं तर पाय पुढे सरकवा. सहा ते दहा वेळा, तीन सेट. पूर्ण पुल-अप अजून येत नसेल तर बाकावर चढून वरच्या स्थितीत या आणि पाच सेकंद मोजत सावकाश खाली उतरा. असे तीन-चार पुरे. दुसऱ्या दिवशी काखेमागे दुखेल, ते दुखणं चांगलं.

आता ढकलणं. तालमीतले जोर मला प्रिय आहेत, पण नवख्याची कंबर त्यात खाली झोळ मारते. म्हणून आधी साधा पुश-अप, तोही उंचावर. हात बाकावर किंवा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ठेवा, कोपरं अंगापासून साधारण ४५ अंशांत, पोट आवळलेलं. छाती पायरीला लागेपर्यंत खाली, मग वर. दहा नीट झाले की एक पायरी खाली या. जमिनीवर पोचायला दोन महिने लागले तरी लागू देत. अर्धवट वीस मारून मला आकडा सांगणाऱ्यांना मी नीट पाच मारायला लावते. नियम सोपा: अजून दोन निघाले असते असं वाटतं तिथे थांबा. थरथरत, कंबर वाकवून शेवटचा काढू नका.

रबरी रेझिस्टन्स बँड घ्या, हलक्यातला. कोर्टच्या जाळीला बांधून कोपर कमरेशी चिकटवा आणि हात बाहेरच्या बाजूला फिरवा. पंधरा-पंधराचे दोन सेट. मग बँड दोन्ही हातांत धरून छातीसमोर ताणा. कंटाळवाणं आहे, मान्य. पण रोज दोनशे शॉट मारणाऱ्या खांद्याला ह्याची गरज आहे.

पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन भरले की हातात पाच-पाच किलो झाले. ते घेऊन ताठ चालत कोर्टची एक लांबी, २८ मीटर. परत येताना एकच कॅन, एका हातात, आणि खांदा त्या बाजूला झुकू द्यायचा नाही. बोटांची पकड, मनगट आणि कंबर तिन्ही कामाला लागतात. डंबेल विकत घेण्याआधी हे करा.

मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड बॉल, असेल तर दोन किलोचा पुरे. भिंतीपासून दीड-दोन मीटरवर उभं राहून चेस्ट पास, म्हणजे छातीसमोरून दोन्ही हातांनी, जीव खाऊन, सहाच वेळा, मग मिनिटभर आराम. असे तीन सेट. इथे वेग शिकायचा आहे, घाम काढायचा नाही, म्हणून हे वॉर्मअपनंतर लगेच घ्या, दमल्यावर नको. भिंत आधी विचारून निवडा. सोसायटीच्या नव्या रंगावर बॉलचे ठसे उमटले की सेक्रेटरींशी बोलायला मलाच जावं लागतं.

शेवटची दहा मिनिटं जोडीत. दोघांनी एकच बॉल घट्ट धरायचा आणि दहा सेकंद हिसकवायचा. मग बॉक्स आउट, म्हणजे समोरच्याला बॉलपासून अडवणं: पाठ लावून, गुडघे वाकवून, पाच सेकंद जागा सोडायची नाही. जोड्या वजन बघून लावा, वयावर जाऊ नका. सातवीतली पोरं उंचीने एकमेकांच्या दुप्पट वाटावीत इतका फरक असतो. पोरांना ह्यातच सगळ्यात मजा येते, त्यामुळे शेवटी ठेवलं की आधीचं मुकाट्याने करतात.

हे सगळं आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून, वॉर्मअप धरून चाळीस मिनिटं. सुरुवातीला सगळे व्यायाम एकाच दिवशी कोंबू नका: एक ढकलायचा, दोन ओढायचे, एक वजन घेऊन चालण्याचा, की झालं. मॅचच्या आदल्या दिवशी काही नाही. आमच्याकडे जून-जुलैत कोर्ट ओलं आणि निसरडं असतं, तेव्हा इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये हेच चालतं, आणि पुढे शाळांच्या जिल्हास्तरीय स्पर्धा सुरू होतात तेव्हा खांदे तयार असतात. स्पर्धा चालू असताना सेट निम्मे करा, पण पूर्ण बंद करू नका.

आज्ज्यांची एक शंका येतेच: वजनाने उंची खुंटते ना? नाही. नीट देखरेखीखाली केलेल्या ताकदीच्या व्यायामाने मुलांच्या वाढीला धोका नाही, असं अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स ही तिकडच्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते. एका झटक्यात जास्तीत जास्त किती उचलतो, ही पैज मात्र ह्या वयात नको. बेंच प्रेसच्या, म्हणजे बाकावर उताणं पडून छातीवरून वजन ढकलण्याच्या, आकड्यांवरून जीव टाकणाऱ्या अकरावीतल्यांना मी अमेरिकेचा बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरंटचं सांगते. २००७ मध्ये ड्राफ्टआधीच्या, म्हणजे एनबीए ह्या तिकडच्या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्याआधीच्या, चाचणीत त्याला बेंच प्रेसमध्ये १८५ पाउंड, म्हणजे जवळजवळ ८४ किलो, एकदाही उचलता आले नाहीत. तरी तो दुसऱ्या क्रमांकाला निवडला गेला, आणि २०१४ मध्ये एनबीएचा एमव्हीपी, म्हणजे मोसमातला सर्वोत्तम खेळाडू, झाला. ह्याचा अर्थ ताकद नको असा काढून घरी बसू नका. त्यानेही पुढे ताकदीवर काम केलंच.

खाण्याबद्दल पावडरचे डबे दाखवायला आणू नका. दोन अंडी किंवा वाटीभर मटकीची उसळ, डाळ-भात, दूध, मूठभर शेंगदाणे, आणि रात्री आठ-नऊ तास झोप. क्लास साडेनऊला सुटतो आणि सकाळी सहाला प्रॅक्टिस, अशी व्यवस्था असेल तर एक सकाळ सोडा. चालेल मला.

स्नायू दुखले तर हलका व्यायाम चालतो. पण खांद्याच्या किंवा कोपराच्या सांध्यात टोचतंय, हात डोक्यावर नेताना कळ येते, एका बाजूला सूज आहे किंवा रात्री दुखण्याने जाग येते, तर बार आणि बॉल दोन्ही बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. गरम पाण्याची पिशवी, बाम आणि "उद्या मॅच आहे" हे उपाय नाहीत. मी त्या मुलाला खेळवणार नाही, बाबांनी कितीही गळ घातली तरी.