लॅन आणि वायफाय दोन्ही जोडलंय? मग कुठला आयपी वापरायचा ते असं ठरवा

नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतीत मशीनवर काम करणाऱ्यांचं हे रोजचंच आहे, केबलने पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) लॅपटॉपला जोडायचा, वायफायला मोबाईलचा हॉटस्पॉट, म्हणजे मॅन्युअल वगैरे लागलं तर नेटवर बघता येतं. आणि केबल लावली रे लावली की नेट गायब! मागच्या पावसाळ्यात सातपूरच्या एका शेडमध्ये माझे दोन तास यातच गेले, हॉटस्पॉट चारदा बंद-चालू केला, आणि चूक निघाली लॅनच्या, म्हणजे केबलच्या, सेटिंगमध्ये.

आधी हे समजून घ्या. पॅकेट (डेटाचा तुकडा) कुठे जायचंय त्यावरून विंडोज रस्ता निवडतं आणि त्या रस्त्यावरच्या (लॅनच्या किंवा वायफायच्या) अ‍ॅडॉप्टरचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, सोर्स (पाठवणारा) म्हणून लावतं. नाशिकच्या द्वारका चौकातून पुण्याला निघालो तर सिन्नरचा रस्ता, मुंबईला निघालो तर इगतपुरीचा, तसंच. पण दोन्ही रस्त्यांवर 'बाकी सगळी गावं इकडे' अशी पाटी असेल तर? डिफॉल्ट गेटवे म्हणजे ती पाटी, आणि ती एकाच अ‍ॅडॉप्टरवर पाहिजे.

कमांड प्रॉम्प्ट उघडून राउट प्रिंट (route print) मारा. आयपीव्ही४ च्या टेबलात ०.०.०.० ची ओळ दोनदा दिसली तर दुखणं सापडलं. शेवटच्या कॉलममध्ये मेट्रिक असतं, लहान आकडा जिंकतो. विंडोज हा आकडा मुख्यतः स्पीड बघून स्वतःच टाकतं, गिगाबिट लॅनला बऱ्याचदा वायफायपेक्षा लहान, तसं असलं की केबल जिंकते आणि गुगलला जाणारं पॅकेट मशीनकडे जाऊन मरतं.

आता नेटवर्क कनेक्शन्समध्ये इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, आयपीव्ही४. समजा पीएलसी १९२.१६८.०.१ आहे, तर तुम्ही १९२.१६८.०.५० टाका, मास्क २५५.२५५.२५५.०, आणि गेटवेचा रकाना रिकामा सोडा. पीएलसी त्याच रेंजमध्ये आहे (आयपीचे पहिले तीन आकडे सारखे), त्याला गेटवे लागतच नाही. बहुतेकांचं काम इथेच होतं.

दोन्हीकडे गेटवे लागतच असेल तर त्याच खिडकीत अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन ऑटोमॅटिक मेट्रिकची टिक काढा, वायफायच्या खिडकीतही तसंच करा, आणि वायफायला १०, लॅनला ५० द्या.

तपासायला पिंग (समोरचा उत्तर देतो का बघायची कमांड), त्यानंतर डॅश, कॅपिटल एस, मग आपला सोर्स आयपी, मग समोरचा आयपी. एस स्मॉल टाकू नका, त्याचा अर्थ वेगळा आहे. लॅनच्या आयपीवरून पीएलसी आणि वायफायच्या आयपीवरून ८.८.८.८ (गुगलचा सर्व्हर), दोन्हींना रिप्लाय आला की झालं.

एक गोष्ट मात्र खरंच त्रास देते. कंपनीचं वायफायही १९२.१६८.०. वालं आणि मशीनही तेच, तर दोन्ही रस्ते सारखेच दिसतात, परत मेट्रिकवर येतं, आणि एका बाजूचं काहीतरी सापडतच नाही. अशा वेळी मशीनचा आयपी बदलायला जाऊ नका, त्याच्यावर एचएमआय (मशीनचा ऑपरेटर स्क्रीन) आणि अजून काय काय बोलत असतं, लाईन थांबेल. कंपनीचं वायफाय सोडा आणि वेगळ्या रेंजच्या हॉटस्पॉटवर या.