इंग्रजी शब्द पाठ आहेत, पण वापरता येत नाहीत? या चुका टाळा

बारावीनंतर मी दोनशे पानी वही केली होती. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे एका शब्दात मराठी अर्थ. ‘नोटोरियस’समोर लिहिलं होतं ‘सर्वज्ञात’. पुढे नोकरीच्या अर्जात ऐटीत ठोकून दिलं की आमचं सोलापूर चादरींसाठी नोटोरियस आहे. म्हणजे कुप्रसिद्ध!

घोळ त्या एकशब्दी अर्थाचा. ‘थ्रिफ्टी’ आणि ‘स्टिंजी’ दोघंही पैसा जपतात. पण पहिला काटकसरी, दुसरा चिक्कू. म्हणून वहीत अख्खं वाक्य लिहा. शब्द कुणासोबत येतो तेही बघा: पाऊस ‘हेवी’, चहा ‘स्ट्राँग’. चहाला हेवी म्हटलं तर व्याकरण चुकत नाही, पण कानाला खटकतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातली पोरं तेलुगू आणि मराठी सहज बोलतात. त्यांनी कुठं याद्या पाठ केल्या? ऐकलेली वाक्यं उचलली.

रोज पन्नास शब्दांचा हट्टही सोडा. पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं, हे हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ सालीच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं. आठ शब्द घ्या. दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, मग आठवड्याने अर्थ झाकून आठवा. नुसतं वाचत बसलं की येतंय असं वाटतं, येत नसतं.

शब्दांचा गोतावळा मात्र जरूर धरा. लॅटिनमध्ये ‘टेक्सेरे’ म्हणजे विणणं. त्यातून टेक्स्टाइल, टेक्स्ट, कॉन्टेक्स्ट. मागाच्या गावात हे लगेच डोक्यात बसतं. पण इथंही फसगत आहे. ‘एअरलूम’ म्हणजे वडिलोपार्जित वस्तू. मी कैक दिवस तो हातमागाचा प्रकार समजत होतो! जुन्या इंग्रजीत ‘लूम’ म्हणजे कुठलंही अवजार, माग नंतर आला. आणि संकट ‘लूम’ होतं, म्हणजे डोक्यावर घोंघावतं, त्या लूमचा मागाशी काही संबंध नाही. गोत जुळलं असं वाटलं तरी कोशात बघा. उच्चारही तिथंच ऐका: ‘सटल’ (सूक्ष्म) या शब्दाच्या स्पेलिंगमधला ‘बी’ मुका असतो.

‘स्टार्ट’ चालत असताना ‘कमेन्स’ लिहायची हौस तर कुणालाच शोभत नाही.

नवा शब्द त्याच दिवशी स्वतःच्या गोष्टीत घाला. ‘रिलक्टंट’ म्हणजे नाखूश, तो मी असा पक्का केला: एप्रिलच्या दुपारी सोलापुरातल्या सात रस्ता चौकापर्यंत चालत जायला मी रिलक्टंट असतो. त्यापुढे ‘टू’ लागतो, हेही त्याच वाक्याने शिकवलं.