माल्टी लागर म्हणजे गोड बीअर नव्हे. चाखताना या चुका टाळा

लाडवांसाठी बेसन भाजायला घेतलं की थोड्याच वेळात घरभर गोडसर, खमंग वास दरवळतो. साखर अजून डब्यातच असते, पण नाक म्हणतं, काहीतरी गोड होतंय. माल्टी लागर, म्हणजे थंड टाकीत मुरवलेली आणि माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवांची) चव पुढे असलेली बीअर, पिताना बहुतेकांची गफलत नेमकी अशीच होते. ग्लास नाकाशी नेला की पावाची खरपूस कड, टोस्ट, भाजणी असा वास येतो आणि आपण लगेच ठरवतो, ही गोड आहे. गोड बीअर आवडत नाही म्हणून ती पुन्हा मागवतही नाही. मला याची फार हळहळ वाटते, कारण खमंगपणाची इतकी सवय असलेल्या आपल्या जिभेला ही बीअर खरं तर पटकन कळायला हवी.

जव भिजवून त्यांना मटकीसारखे मोड आणतात आणि मग भट्टीत वाळवतात. हा झाला माल्ट. वाळवताना आच वाढवली की दाण्यातली साखर आणि अमिनो आम्लं यांच्यात मायार अभिक्रिया होते. भाकरीच्या पापुद्र्यावर तांबूस डाग पडतात तेव्हा तव्यावर हेच घडत असतं. पुढे टाकीत बीअर आंबवणारं यीस्ट बरीचशी साखर खाऊन टाकतं, वास मात्र मागे राहतो. म्हणून चांगली म्युनिक डुंकल, म्हणजे म्युनिकची गडद लागर, वासाला भरगच्च असूनही घोट संपताना तोंड चिकट करत नाही.

खात्री करायची असेल तर नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. जिभेला जेवढा गोडवा लागेल तेवढाच खरा. मग नाक सोडा. जे एकदम उसळून येतं, तो माल्टचा सुगंध.

रंगावरून ठरवू नका

गडद म्हणजे जड, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. डुंकल तपकिरी असते, पण अल्कोहोल साधारण पाच टक्क्यांच्या आसपास. उलट हेलेस ही म्युनिकचीच लागर सोनेरी, फिकट दिसते आणि तरीही तिचा कणा माल्टच असतो. मऊ, ताज्या पावासारखा. व्हिएन्ना लागरचा तांबूस रंग तर माल्ट वाळवण्याच्या पद्धतीतूनच आला. व्हिएन्नाजवळच्या श्वेखाटचे आंटोन ड्रेहर आणि म्युनिकचे गाब्रिएल सेडलमायर हे दोघे बीअर उत्पादक तरुणपणी ब्रिटनमध्ये फिरून तिथली माल्टिंगची तंत्रं शिकून आले. 1841 मध्ये ड्रेहरांची व्हिएन्ना लागर आली आणि त्याच वर्षी सेडलमायरांची मेर्त्सेन, तीही तांबूस माल्टी लागरच. त्या तांबूस रंगाकडे बघून कॅरॅमलची अपेक्षा धरू नका. तिथे शोधायचा तो टोस्ट.

बर्फासारखी थंड पिऊ नका

फ्रिजमधून काढल्या काढल्या प्यायलात तर फक्त गारवा आणि बुडबुडे कळतील. डुंकल किंवा मेर्त्सेन आठ ते दहा अंशांवर बोलायला लागते. बाटली पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. नागपूरच्या मे महिन्यात त्याहून खूपच कमी वेळ पुरतो. फ्रीजरमध्ये ठेवलेला मग तर नकोच. त्याच्यावरचे हिमकण बीअरमध्ये विरघळतात आणि फ्रीजरचा वासही सोबत येतो.

ग्लास कढईच्या घासणीने घासू नका. ओशट थर राहिला की फेस बसतो, आणि फेसाबरोबर सुगंधही जातो. ओतल्यावर काचेला आतून बुडबुडे चिकटलेले दिसले तर ग्लास नीट धुतलेला नाही.

चखण्याचं म्हणाल तर मसाला पापड आणि लिंबू पिळलेले चणे पहिल्या तीन घोटांनंतर येऊ द्या. नंतर खुशाल खा. सुक्या मटणाच्या परतलेल्या मसाल्याशी डुंकलचं फार छान जमतं.

दोषाला माल्ट समजू नका

ही चूक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण माल्टी बीअरमध्ये दोष सहज लपतात. घोटात लोणी किंवा बटरस्कॉच जाणवलं आणि जीभ जरा निसरडी झाली, तर ते कॅरॅमल नाही, डायॲसिटिल आहे. आंबवताना ते तयार होतंच, पण यीस्टला वेळ दिला तर तेच ते पुन्हा शोषून घेतं. लागर या जर्मन शब्दाच्या मुळाशीच साठवण आहे. ही बीअर थंड टाकीत आठवडेच्या आठवडे मुरावी लागते, आणि टाकी इतके दिवस अडकवून ठेवणं स्वतःच बीअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रूपबला जड जातं. घाई झाली की लोणी उरतं. लोण्यासोबत आंबट झाकही असेल तर ज्यातून बीअर ग्लासात ओततात त्या नळाच्या पाइपात जंतू वाढल्याची शंका घ्या. तीच बीअर बाटलीतून मिळत असेल तर मागवून बघा. तिच्यात लोणी नसेल तर बिघाड बहुधा नळाकडेच आहे. तसं काउंटरवर स्पष्ट सांगा, पुढच्या गिऱ्हाइकाचं भलं होईल.

उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास म्हणजे डायमिथाइल सल्फाइड. फिकट माल्टच्या लागरमध्ये त्याची किंचित झाक खपून जाते. डुंकलमध्ये मात्र तो खटकायला हवा, कारण जास्त भाजलेल्या माल्टमध्ये त्याचा मूळ घटक फारसा उरत नाही.

सगळ्यात फसवा असतो तो शिळेपणा. फिकट लागर शिळी झाली की ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि कळतं. माल्टी लागर शिळी झाली की मधासारखा वास येऊ लागतो आणि लोक तिचं कौतुक करतात. मी स्वतः कितीतरी दिवस अशा बाटल्यांना श्रीमंत चवीच्या म्हणत होतो. मधाचा वास आहे, पण पावाचा ताजेपणा हरवलाय, असं वाटलं तर बाटलीवरची तारीख बघा.

उन्हाकडेही लक्ष असू द्या. बीअरला कडवटपणा देणाऱ्या हॉप्सच्या फुलांमधल्या कडू घटकांवर प्रकाश पडला की कुबट, उग्र दर्प सुटतो. तपकिरी बाटली बराच बचाव करते, हिरवी फारसा नाही आणि ग्लास तर अजिबात नाही. टेबल खिडकीशी असेल तर ग्लास सावलीकडे सरकवा. थेट उन्हात काही मिनिटांतच फरक पडतो.