लेझर-प्लाझ्मातील गॅमा किरणांचे मोजमाप: फिल्टरच्या चळतीपासून तांब्याच्या चकतीपर्यंत

किरणोत्सारी स्रोतांचा वर्णपट (कोणत्या ऊर्जेचे किती फोटॉन, याचा आलेख) घेण्याची सवय असलेल्या अभ्यासकाला लेझरच्या प्रयोगात पहिली अडचण येते ती वेळेची. सोडियम आयोडाइडचा डिटेक्टर एकेका फोटॉनची ऊर्जा सांगतो. परंतु काही दहा फेम्टोसेकंदांचा (फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दशलक्षावा भाग) लेझरचा स्पंद लक्ष्यावर आदळून त्याचा प्लाझ्मा, म्हणजे तापलेला आयनित वायू, झाल्यावर निघणारे असंख्य फोटॉन त्याच्यावर एकदमच येऊन पडतात आणि नोंद होते ती केवळ सर्वांच्या ऊर्जेच्या बेरजेची. डिटेक्टर दूर नेऊन, समोर शिशाचे बारीक छिद्र ठेवून दहा शॉटांमागे (शॉट म्हणजे लेझरचा एक स्पंद) जेमतेम एक फोटॉन नोंदवता येतो, पण हा मार्ग भराभर शॉट देणाऱ्या लेझरलाच परवडतो.

शॉट मोजके असतील तर फिल्टर आणि इमेज प्लेट (किरणांची नोंद साठवून ठेवणारी पाटी) यांची आलटून-पालटून रचलेली चळत वापरावी. पुढे अ‍ॅल्युमिनियमसारखे हलके पत्रे, मग तांबे व टँटलम आणि शेवटी शिशाचे वाढत्या जाडीचे पत्रे असा क्रम ठेवावा. शिशातून सुटणारे दुय्यम इलेक्ट्रॉन रोखण्यासाठी प्लेटच्या अलीकडे प्लास्टिकचा तुकडा घालावा. चळतीसमोर कॉलिमेटर (किरणांना अरुंद वाट देणारा जाड छिद्राचा ठोकळा) आणि चुंबकांची जोडी हवीच, कारण प्लाझ्मातून थेट येणारे वेगवान इलेक्ट्रॉन वळवले नाहीत तर तेही गॅमा किरणांच्या खात्यात जमा होतात. शॉटबरोबर उठणाऱ्या विद्युतचुंबकीय धक्क्याचा प्लेटला त्रास होत नाही, हा तिचा मोठा फायदा.

प्लेट मात्र काळोखातच हाताळावी. बेरियम फ्लुरोब्रोमाइडच्या स्फटिकांत अडकलेले इलेक्ट्रॉन स्कॅनरच्या लाल लेझरने मोकळे होऊन निळसर प्रकाश देतात. पण ते आपणहूनही सुटत राहतात, आणि सुरुवातीच्या मिनिटांत ही गळती सर्वाधिक असते. म्हणून शॉट आणि स्कॅन यांमधले अंतर प्रत्येक वेळी सारखेच ठेवावे व वहीत लिहावे.

प्रत्येक प्लेटचा प्रतिसाद जिआंट-४ सारख्या संगणकीय प्रणालीने काढून, सीझियम-१३७ च्या ६६२ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या (इलेक्ट्रॉनव्होल्ट हे ऊर्जेचे एकक) रेषेवर पडताळावा. त्यानंतर घातांकी उताराचा वर्णपट गृहीत धरून त्याचे ‘तापमान’ जुळवतात. हे तापमान प्लाझ्मातील इलेक्ट्रॉनांचे नव्हे, फोटॉनांच्या उताराचे असते. दोन तापमानांचे गृहीतकही तितकेच चांगले बसत असेल, तर तसे स्पष्ट नोंदवणे मला अधिक प्रामाणिक वाटते.

चळतीची खरी मर्यादा शिशातच आहे. सुमारे ३ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टला शिशाचे शोषण सर्वांत कमी असते आणि पुढे जोडनिर्मितीमुळे (फोटॉनपासून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी होण्यामुळे) ते पुन्हा वाढते. त्यामुळे दोन निरनिराळ्या ऊर्जांचे फोटॉन जवळजवळ सारखेच गाळले जातात व चळतीला त्यांतला फरक कळत नाही.

त्याहून बऱ्याच वरच्या ऊर्जांसाठी तांब्याची चकती ठेवावी. सुमारे १०.९ दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्टच्या वरचा फोटॉन तांबे-६३ मधून न्यूट्रॉन काढून टाकू शकतो आणि तांबे-६२ उरते, ज्याचे अर्धायुष्य १० मिनिटांहून थोडे कमी आहे. चकती झटपट काढून, समोरासमोरच्या दोन डिटेक्टरांमध्ये तांबे-६२ च्या क्षयातून सुटलेले पॉझिट्रॉन नष्ट होताना विरुद्ध दिशांना निघणाऱ्या ५११ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या जोडफोटॉनांची गणना करावी. वेळेनुसार काढलेल्या गणनेच्या आलेखाला सुमारे पावणेतेरा तासांच्या अर्धायुष्याची शेपटी दिसली, तर ती तांबे-६४ ची समजून वजा करावी.