पायी आणि सायकलने ये-जा करणाऱ्यांची मोजणी कशी करावी

एखाद्या भागातील किती माणसे कामावर किंवा शाळेत पायी जातात आणि किती सायकलने जातात, हे शोधायचे असेल तर दोन कामे करावी लागतात: रस्त्यावर उभे राहून मोजणे आणि घरी जाऊन विचारणे. मोजणीतून कोणत्या जागेवरून किती माणसे गेली ते कळते. ती कोठून निघाली, कोठे चालली आणि का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. मनुष्यबळ थोडे असेल तर मोजणीच्या जागा कमी कराव्यात, पण दोन्हींपैकी एक काम पूर्णपणे सोडू नये.

विचारण्याचे काम वरवर सोपे वाटते, आणि चालणारी माणसे सर्वांत जास्त गळतात ती तेथेच. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाच्या दरवर्षीच्या सर्वेक्षणात, गेल्या आठवड्यात आपण कामावर साधारणपणे कशाने गेलात असा प्रश्न असतो, आणि एकाहून अधिक साधने वापरली असतील तर ज्याने सर्वाधिक अंतर कापले तेवढेच नोंदवायचे असते. आता घरातून आठ मिनिटे चालत थांब्यावर येणारी, पंचवीस मिनिटे बसमध्ये बसणारी आणि उतरल्यावर पुन्हा सात मिनिटे चालणारी व्यक्ती घ्या. चाळीस मिनिटांच्या प्रवासातील पंधरा मिनिटे ती पायी असते, तरी कागदावर ती केवळ बसची प्रवासी ठरते. भारताच्या 2011 च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणाचे अंतर आणि तेथे जाण्याचे साधन विचारले होते, परंतु ते शेती आणि घरगुती उद्योग यांच्या बाहेर काम करणाऱ्यांपुरते होते; शेतकरी आणि शेतमजूर त्यात नव्हते, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांना तर तो प्रश्न लागूच नव्हता. म्हणून तयार आकडे हाती आले की ते कोणाला आणि कोणत्या शब्दांत विचारून मिळवले आहेत, हे आधी पाहावे.

आपली प्रश्नावली टप्प्याटप्प्यांची असावी. ‘तुम्ही कामावर कशाने जाता?’ असे न विचारता ‘काल घरातून बाहेर पडल्यावर आधी काय केले, मग काय?’ असे विचारत जावे. काल सुट्टी असेल तर त्याआधीचा कामाचा दिवस धरावा. ‘साधारणपणे’ म्हटले की माणूस आपल्या सवयीचे सोयीस्कर चित्र सांगतो. कालचा दिवस मात्र त्याला आठवून सांगावा लागतो. घरातील प्रत्येकाला शक्यतो स्वतंत्रपणे विचारावे. कुटुंबप्रमुखाकडून सगळ्यांची माहिती घेतली तर मुलाला शाळेत सोडून पायी परत येणाऱ्या आईच्या दोन फेऱ्या हमखास राहून जातात, कारण त्यांना कोणी ‘प्रवास’ म्हणतच नाही. अंतराऐवजी वेळ विचारणे बरे, कारण किलोमीटर सांगताना बहुतेकांचा अंदाज चुकतो. सपाट रस्त्यावर सहज चालणाऱ्या प्रौढाला एका किलोमीटरला साधारण बारा मिनिटे लागतात आणि सायकलस्वाराला चार ते पाच. तेवढ्यावरून ढोबळ अंतर काढता येते आणि अशक्य उत्तरेही ओळखता येतात.

मोजणीसाठी जागा निवडताना नदी, लोहमार्ग किंवा मोठा महामार्ग शोधावा. तो ओलांडण्याच्या जागा मोजक्याच असतात आणि सर्वांना तेथूनच जावे लागते. निदान आपल्याला तसे वाटते. माझ्या पहिल्या मोजणीत मी पुलाच्या तोंडाशी दोन तास उभा होतो, आणि पादचारी इतके कमी कसे याचे कोडे पडले होते. परतताना दिसले की कठड्याच्या तुटलेल्या भागातून उतरून बरेच लोक खालच्या पायवाटेने पलीकडे जात होते. तेव्हापासून मोजणीच्या आदल्या दिवशी त्या जागेच्या दोन्ही बाजू स्वतः चालून पाहतो.

जागा ठरली की रस्त्यावर एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत मनातल्या मनात रेघ ओढावी, आणि ती ओलांडणाऱ्यालाच मोजावे. पदपथ आणि रस्त्याची कडा दोन्ही रेघेत आलेच पाहिजेत. सायकल हातात धरून चालणारा पादचारी धरावा. सायकलवर दोघे असतील तर दोन माणसे नोंदवावीत, कारण आपण माणसे मोजत आहोत, सायकली नव्हे. कडेवरचे मूल आणि चाकाच्या खुर्चीतील व्यक्ती यांना पादचाऱ्यांत घ्यावे. नोंद पंधरा-पंधरा मिनिटांच्या रकान्यांत, दोन्ही दिशांची वेगळी करावी. चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांवर आडवी, ही जुनी रीत अजूनही सर्वांत कमी चुकते. प्रत्येक दिशेला एक माणूस ठेवावा आणि दोन तासांनी बदलावा. सुरुवातीची पंधरा मिनिटे दोघांनी एकच दिशा वेगवेगळी मोजून आकडे ताडून पाहावेत. फरक मोठा असेल तर नियम एकाला नीट समजलेले नाहीत.

दिवस मंगळवार ते गुरुवार यांपैकी, शाळा चालू असताना आणि पाऊस नसताना घ्यावा. वेळ ठरवताना मात्र कार्यालयांच्या गर्दीलाच सगळी गर्दी समजू नये. सफाई कामगार, पहिल्या पाळीचे कामगार आणि मंडईत माल लावणारे लोक उजाडण्यापूर्वी निघतात, आणि त्यांच्यात पायी किंवा सायकलने जाणारे पुष्कळ असतात. निदान एका जागी पहाटे पाचपासून रात्री नऊपर्यंत सलग मोजावे. यंत्रे मिळाली तर वापरावीत, पण खांद्याला खांदा लावून चाललेले दोघे अवरक्त किरणांच्या यंत्राला एकच दिसतात, आणि चाकाच्या दाबावरून मोजणाऱ्या, रस्त्यावर आडव्या टाकलेल्या हवेच्या नळीला पादचारी मुळीच कळत नाही.

हिशेब मांडताना वाटा फेऱ्यांचा आहे की अंतराचा, हे शीर्षकातच लिहावे. समजा शंभर फेऱ्यांपैकी चाळीस पायी, एकेका किलोमीटरच्या आहेत आणि साठ वाहनाने, दहा-दहा किलोमीटरच्या. फेऱ्यांत पायी चालण्याचा वाटा 40 टक्के येतो आणि अंतरात 6.25 टक्के. दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणून शेजारीशेजारी छापावेत. दोन तासांच्या मोजणीला गुणून वर्षाचा आकडा काढण्याचा मोह टाळावा. त्याऐवजी तारीख, हवामान, रेघेची नेमकी जागा आणि मोजणाऱ्यांची संख्या कागदाच्या माथ्यावर लिहून ठेवावी, आणि पुढल्या वर्षी त्याच आठवड्यात त्याच रेघेवर पुन्हा उभे राहावे.