कुंडीतला मोगरा आणि जास्वंद

कुंडीतल्या झाडाची मुळे पाण्याच्या शोधात दूर जाऊ शकत नाहीत, त्यामुळे त्यांना लागणारे सारे काही त्या मूठभर मातीतच मिळेल याची काळजी आपल्यालाच घ्यावी लागते. कुंडी किमान १२ इंच व्यासाची, तळाला भोके असलेली घ्यावी. भोकांवर खापरीचे तुकडे पालथे ठेवून माती, चांगले कुजलेले शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांचे भुसभुशीत मिश्रण भरावे आणि काठाशी दोन बोटे जागा सोडावी. रोज पाच-सहा तास ऊन हवेच.

पाणी वेळ ठरवून देऊ नये. बोट पेरभर मातीत खुपसावे आणि आत कोरडे लागले तरच तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. अतिपाण्याने मुळे कुजली तरीही पाने कोमेजतात, आणि ती पाहून आणखी पाणी ओतले की झाड हातचे जाते.

छाटणीला मन धजत नाही, हे खरे. पण या दोन्ही झाडांना कळ्या नव्या फुटीवरच येतात, म्हणून बहर ओसरल्यावर फांदी डोळ्याच्या, म्हणजे जिथून नवी फूट निघते त्या जागेच्या, किंचित वर तिरपी कापावी. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्यांवर कापसासारखा पांढरा पिठ्या ढेकूण नावाचा किडा दिसल्यास तो पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन संध्याकाळी कडुनिंबाचे तेल फवारावे.